जावा ते पायथन: मॉडेलने दिलेला कोड चालतो, पण आकडे जुळत नाहीत

अर्धविराम: जावातल्या सुमारे २०० स्टॅटिक मेथड्स भाषामॉडेलकडून पायथनमध्ये करून घेतल्या. एरर एकही नाही. पण चेकसमची (मजकुरावरून एक पडताळणी आकडा काढणारी) मेथड (ह = ३१*ह + क, नेहमीचीच; ह म्हणजे चालू बेरीज, क म्हणजे अक्षराचा कोड) लांब स्ट्रिंगला अगडबंब आकडा देते, आणि तारखांच्या हिशोबात ऋण संख्या आली की एकाचा फरक पडतो. मॉडेल बदलू की प्रॉम्प्ट?

उजवाशिफ्ट: आधी टेस्ट लिहा. दोन्ही घोळ इंटचे (पूर्णांकांचे) आहेत.

जावाचा इंट ३२ बिटांचा, भरला की गुंडाळतो. पायथनचा वाढतच जातो. प्रत्येक फेरीत ह ला % २**३२ करा (% म्हणजे बाकी, २**३२ म्हणजे २ चा ३२ वा घात), शेवटी ह २**३१ किंवा त्याहून मोठा असेल तर २**३२ वजा करा.

भागाकारात जावा शून्याकडे कापतो, पायथनचे // (पूर्णांक भागाकार) खाली उतरते. -७/२ जावात -३, पायथनमध्ये -७//२ म्हणजे -४. बाकीही बदलते: -७ % २ तिकडे -१, इकडे १. मॉडेल हमखास इंट(अ/ब) सुचवते. तो सापळा आहे, कारण मध्ये फ्लोट (दशांश संख्या) येतो आणि २**५३ च्या पुढे अचूकता जाते. म्हणजे लाँगवाल्या (६४ बिटांच्या पूर्णांकाच्या) मेथडमध्ये गुपचूप चूक. अब्स (चिन्हाशिवायची किंमत) घेऊन // करा, चिन्ह नंतर लावा.

बीमवाला: मॉडेल हे का चुकते तेही बघा. फेसबुकच्या २०२० च्या ट्रान्सकोडरला (कोडचे भाषांतर करणाऱ्या मॉडेलला) जोडीचा, म्हणजे तोच प्रोग्राम दोन्ही भाषांत असलेला, कोड दिलाच नव्हता. झाकलेले टोकन (कोडचा छोटा तुकडा) ओळखणे, बिघडवलेला कोड दुरुस्त करणे आणि उलट-भाषांतर (स्वतःच केलेले भाषांतर परत मूळ भाषेत आणणे), एवढ्यावर ते शिकले. दोन्हीकडे % दिसले की % च लिहिणार. जावा ते पायथन पहिले उत्तर बरोबर येण्याचे प्रमाण ३५ टक्के होते. बीम २५ ठेवून (म्हणजे २५ पर्यायी उत्तरे घेऊन) त्यातले एक तरी बरोबर धरले तर ६८.७. म्हणून एकच उत्तर मागू नका. दहा-वीस मागा, टेस्टने चाळा. ब्लू स्कोअर (भाषांतर नमुन्याशी किती जुळते ते मोजणारा आकडा) इथे कुचकामी: एक चिन्ह चुकले तरी तो उत्तमच दिसतो.

अर्धविराम: टेस्ट कुठून आणू? मूळ कोडला नाहीत.

उजवाशिफ्ट: मूळ जावाच चालवा आणि येईल ते उत्तर प्रमाण माना, त्यातल्या बगसकट. इनपुटमध्ये ०, -१, -७, २१४७४८३६४७, -२१४७४८३६४८ (जावाच्या इंटची दोन टोके) आणि रिकामी स्ट्रिंग हवीच. एक इमोजीही टाका: जावा त्याचे दोन कॅरेक्टर मोजतो, पायथन एक, त्यामुळे चेकसम पुन्हा फसेल. देवनागरीला हा त्रास नाही.