ब्रँच मर्ज झाली, मशीन बंद केलं, तरी टेस्ट एन्व्हायर्नमेंटचं बिल चालूच

गोदाकाठ (नाशिक):
द्राक्ष निर्यातीच्या पॅकहाउससाठी सॉफ्टवेअर करतो, सगळं एडब्ल्यूएसच्या (ॲमेझॉनची भाड्याची क्लाउड सेवा) मुंबई रीजनवर. हंगामाआधी दर फीचर ब्रँचसाठी (नव्या सोयीसाठी कोडची वेगळी प्रत, जी नंतर मुख्य कोडमध्ये मर्ज होते) वेगळं टेस्ट एन्व्हायर्नमेंट उभं करतो: एक ईसी२ (सर्व्हर), छोटा आरडीएस (डेटाबेस), लोड बॅलन्सर (ट्रॅफिक वाटणारा), स्वतंत्र व्हीपीसी (खासगी नेटवर्क). काम झालं की ‘स्टॉप’. एप्रिल उलटला, माल निघून गेला, बिल मात्र उतरत नाही. प्रॉडक्शनही (ग्राहक वापरतात ती चालू सिस्टिम) त्याच अकाउंटमध्ये आहे, त्यामुळे डिलीट करायला हात धजत नाही. सुरुवात कुठून करू?

सातपूरकर:
स्टॉप केल्याने फक्त कॉम्प्युटचं मीटर थांबतं. ईसी२ला जोडलेल्या ईबीएस डिस्कचं भाडं चालूच राहतं. आरडीएस तर स्टॉप केल्यापासून ७ दिवसांनी आपोआप पुन्हा सुरू होतो; तुमचे सगळे डेटाबेस आत्ता चालू असणार, आधी तेच बघा.

मग नॅट गेटवे, म्हणजे खासगी नेटवर्कमधून इंटरनेटकडे जाणारी वाट. दर ब्रँचला व्हीपीसी म्हणजे दर ब्रँचला नॅट, आणि ट्रॅफिक शून्य असला तरी एकेकाचे महिन्याला ४० डॉलरच्या आसपास जातात. टेस्टसाठी एकच व्हीपीसी, एकच नॅट ठेवा. पब्लिक आयपीव्ही४ला (इंटरनेटवरचा पत्ता) फेब्रुवारी २०२४ पासून ताशी ०.००५ डॉलर लागतात, वापरात असो वा नसो. म्हणजे महिन्याला साधारण ३.६५ डॉलर, असे २० पत्ते पडून असतील तर ७३.

ईसी२ टर्मिनेट केलं तरी नंतर जोडलेली डिस्क मागे राहते. रूट डिस्क आपोआप जाते, जादाची सहसा जात नाही. व्हॉल्यूमच्या (म्हणजे डिस्कच्या) यादीत ‘अव्हेलेबल’ असा फिल्टर लावा, अनाथ डिस्क लगेच दिसतील.

अंबड लिंक रोड:
भीती रास्त आहे, म्हणून टेस्टला वेगळं अकाउंटच काढा. एडब्ल्यूएसच्या ऑर्गनायझेशन्समध्ये (अनेक अकाउंट एकत्र सांभाळायची सोय) त्याला पैसे पडत नाहीत. ते होईपर्यंत दर रिसोर्सवर तीन टॅग (लेबलं) सक्तीचे करा: कुणाचं, कोणती ब्रँच, कधी संपणार. रोज रात्री एक लॅम्डा (सर्व्हर न ठेवता चालणारी छोटी स्क्रिप्ट) तारीख उलटलेलं शोधेल. पहिले दोन आठवडे त्याने फक्त यादी पाठवायची, काहीही डिलीट करायचं नाही. डिलीटची परवानगी द्याल तेव्हा आयएएम पॉलिसीत (कुणाला काय करता येईल याचे नियम) टॅगची अट घाला, म्हणजे स्क्रिप्ट चुकली तरी प्रॉडक्शनला धक्का लागणार नाही. आरडीएस डिलीट व्हायला वेळ लागतो आणि लॅम्डाची मर्यादा १५ मिनिटांची. तेव्हा हुकूम देऊन मोकळं व्हा, निकाल दुसऱ्या फेरीत तपासा.

क्लाउडफॉर्मेशन (रिसोर्स एकगठ्ठा उभे करणारी सेवा) वापरत असाल तर स्टॅक, म्हणजे तो गठ्ठा, पाडताना अडकतो तो बहुतेक एस३ बकेट (फाइल साठवायची जागा) रिकामी नसल्यामुळे. आधी बकेट रिकामी करा, व्हर्जनिंग चालू असेल तर जुन्या आवृत्त्यांसकट.

गोदाकाठ:
कोड ठेवायला आणि जॉब आपोआप चालवायला गिटलॅब आहे. मर्ज झाल्यावर आपोआप पाडता येईल का?

सातपूरकर:
येईल. एन्व्हायर्नमेंटला ‘ऑन स्टॉप’ (बंद करताना चालणारा) जॉब जोडा, शिवाय ‘ऑटो स्टॉप इन’ला (किती काळाने आपोआप बंद व्हायचं) २ दिवस द्या. इथे एक खोच आहे. मर्जबरोबर ब्रँच डिलीट झालेली असते, त्यामुळे जॉब कोड आणायला जातो आणि तिथेच फेल होतो. त्या जॉबची गिट स्ट्रॅटेजी ‘नन’ (कोड आणूच नको) करा आणि पाडायची स्क्रिप्ट जॉब ज्यातून चालतो त्या कंटेनर इमेजमध्येच भरून ठेवा. रात्रीचा लॅम्डा तरीही चालू राहू द्या. फेल झालेल्या जॉबकडे कुणी बघत नाही, बिल मात्र दर तासाला चढतं.