मदत हवी आहे: 'सगळं स्वार्थापोटीच' याला उत्तर काय?

सांगलीत कॉलेजच्या वादविवादात मला 'माणूस फक्त स्वार्थासाठीच वागतो' याच्या विरोधात बोलायचंय. २०१९ च्या पुरात लोकांनी अनोळखी माणसांना घरात ठेवून घेतलं, जेवू घातलं, हे सांगितलं तर समोरचे म्हणतात समाधान मिळतं ना, मग तो पण स्वार्थच. मला हे अजिबात पटत नाही, समाधान मागनं मिळतं म्हणून त्याच्यासाठीच केलं असं कसं? मानसशास्त्रज्ञ बॅट्सनचा १९८१ चा प्रयोग वाचलाय, त्यात सहानुभूती वाटलेले बरेच लोक, सहज निघून जाता येत असताना पण, दुसऱ्याला बसणारे विजेचे शॉक स्वतः घ्यायला तयार झाले, पण त्यावर 'मनाला टोचणी लागू नये म्हणून' हे उत्तर येतंच. जीन्स, उत्क्रांती नकोय, फक्त हेतूबद्दल, वेळ पाचच मिनिटं. तर ही टोचणी टाळायचा हेतू वेगळा काढून तपासलेला प्रयोग कुठला, आणि त्यात नेमकं काय दिसलं?