शासनाने भरलेले महाविद्यालयीन शुल्क आणि नववीत थांबलेली मुलगी

प्रश्न: पंचवटीतील शिक्षिका

सर्वांना नमस्कार. मी नाशिकमधील एका कनिष्ठ महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवते. जुलै २०२४ मध्ये राज्य शासनाने आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग आणि इतर मागास प्रवर्ग यांतील, ८ लाख रुपयांपर्यंत वार्षिक कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क पूर्णपणे भरण्याचा निर्णय घेतला. पूर्वी ही सवलत निम्मी होती. माझ्या काही विद्यार्थिनींना त्याचा लाभ झाला आणि त्याचा मला मनापासून आनंद आहे.

तरीही एक गोष्ट मनातून जात नाही. आमच्याकडे धुणीभांडी करणाऱ्या मावशींची मुलगी नववीनंतर शाळेत गेली नाही. मावशी तेल, साबण, चपला विकत घेतात तेव्हा वस्तू व सेवा कर त्यांच्याकडूनही घेतला जातोच. त्या करातून, दरमहा ६० हजार रुपये घरात येणाऱ्या कुटुंबातील मुलीचे अभियांत्रिकीचे शुल्क भरले जात असेल, तर त्याला सामाजिक न्याय म्हणता येईल का? जोतीराव फुल्यांनी १८८२ मध्ये ब्रिटिश सरकारने शिक्षणाच्या चौकशीसाठी नेमलेल्या हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात नेमकी हीच तक्रार केली होती की, महसूल रयतेच्या घामातून जमतो आणि खर्च होतो तो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर.

उत्तर: निवृत्त लेखनिक, नाशिकरोड

ताई, माझी २२ वर्षे महाविद्यालयांच्या शिष्यवृत्ती खिडकीमागे गेली, म्हणून आधी व्यवहार सांगतो. ही सवलत केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे शासनाच्या सामाईक गुणवत्ता यादीतून, प्रवेश घेणाऱ्यांनाच आहे. व्यवस्थापन कोट्यातील जागांना, खासगी अभिमत विद्यापीठांना आणि स्वयंअर्थसहाय्यित खासगी विद्यापीठांना ती लागू नाही. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती अडीच लाखांच्या उत्पन्नापर्यंत मिळते; त्यापुढे फ्रीशिपमधून शुल्क मिळते, निर्वाह भत्ता मिळत नाही. म्हणजे पुस्तके, खोली आणि जेवण यांसाठीचा आधार अडीच लाखांवर संपतो आणि नव्या योजनेची शुल्कमाफी ८ लाखांपर्यंत जाते. विषमता शोधायचीच असेल, तर ती मला येथे दिसते.

दुसरे असे की, शासन जे शुल्क भरते त्याचा मोठा भाग खासगी संस्थांकडे जातो. १९८३ मध्ये वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना राज्यात विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळाली आणि जागा झपाट्याने वाढल्या. त्या वाढल्या नसत्या तर ग्रामीण भागातील कितीतरी मुले अभियंता झाली नसती, हे मी मान्य करतो. आज त्यांचे शुल्क शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते आणि शासन ते चुकते करते. एवढा पैसा दरवर्षी द्यायचाच असेल, तर त्यातून शासकीय महाविद्यालयांतील जागा का वाढवू नयेत, हा प्रश्न मला मावशींच्या कराइतकाच महत्त्वाचा वाटतो.

आणि पैसा केव्हा येतो, यालाही न्यायात स्थान आहे. मी जेथे काम केले त्या एका संस्थेत आधी पूर्ण शुल्क भरून घेतले जाई आणि शिष्यवृत्ती जमा झाल्यावर परतावा मिळे. एका शेतकऱ्याने सोसायटीचे पीककर्ज मुलाच्या शुल्काकडे वळवले. परतावा दुसरे वर्ष संपत आल्यावर आला आणि मधल्या काळाचे व्याज त्यानेच सोसले. अर्ज तपासून पुढे पाठवणारा मीच होतो. त्याला काय उत्तर द्यावे, हे मला तेव्हा सुचले नाही.

उत्तर: सुरगाण्याचा शिक्षक

मी आमच्या घरातील पहिला पदवीधर. बारावीपर्यंत आश्रमशाळेत शिकलो आणि पदवीसाठी नाशिकला आलो. माझे शुल्क शासनाने भरले, त्यामुळे शुल्काने मला कधीच अडवले नाही. अडवले ते वसतिगृहाची यादी लागेपर्यंतच्या तीन महिन्यांच्या खोलीभाड्याने आणि खानावळीच्या बिलाने. शिवाय दिवाळीनंतर आमच्याकडची माणसे दिंडोरी, निफाडच्या द्राक्षबागांवर मजुरीला जातात. मी शहरात शिकायला राहिलो म्हणजे घरातली एक मजुरी बुडाली, आणि ती कोणत्याही शिष्यवृत्तीच्या अर्जात लिहिता येत नाही. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या आदिवासी विद्यार्थ्यांसाठी आता राहण्या-जेवणाच्या खर्चासाठी पैसे देणारी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना आहे आणि तिचे पैसे वेळेवर आले तर मुलगा टिकतो, हे मी माझ्या विद्यार्थ्यांमध्ये पाहतो.

माझ्यासोबत पहिलीत बसलेल्यांपैकी बारावीपर्यंत आम्ही चौघेच पोहोचलो. अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणानुसार २०२१-२२ मध्ये १८ ते २३ वयोगटाच्या तुलनेत उच्च शिक्षणातील नोंदणीचे प्रमाण २८.४ टक्के होते, अनुसूचित जमातींमध्ये २१.२ टक्के. जे या आकड्यांच्या बाहेर आहेत त्यांच्यापर्यंत कितीही मोठी शुल्कमाफी पोहोचणार नाही, कारण त्यांची वाट आठवी-नववीतच बंद झालेली असते.

मात्र ताई, यावरून मुलींची शुल्कमाफी चुकीची ठरवू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. ती बंद केल्याने वाचलेला पैसा मावशींच्या मुलीकडे येईल, याची हमी कोण देणार? फुल्यांनी प्राथमिक शिक्षणाला अग्रक्रम मागितला, हे खरे. पण सरकारने उच्च शिक्षणातून अंग काढून घेण्याला त्याच निवेदनात त्यांचा विरोध होता, आणि हा भाग सहसा सांगितला जात नाही. ज्या घरात मुलाचे शुल्क भरायचे की मुलीचे, असा प्रसंग येतो, तेथे निर्णय कोणाच्या बाजूने होतो हे आपण सर्वांनी पाहिले आहे. ६० हजारांच्या घरातही तो तसाच होतो.

उत्तर: निफाडचा द्राक्ष उत्पादक

सरांचे म्हणणे मला पटते, पण उत्पन्नाच्या दाखल्याविषयी कोणी बोलत नाही. नोकरदाराचे उत्पन्न मालकाने दिलेल्या पगार-कराच्या दाखल्यात, फॉर्म १६ मध्ये, रुपयापर्यंत दिसते. व्यापाऱ्याचे तो दाखवील तेवढेच दिसते. आमचे तर एका गारपिटीने शून्यावर येते आणि कर्ज तेवढेच राहते. एकाच रकमेच्या रेषेने ही तिन्ही घरे मोजली जात असतील, तर त्या रेषेलाच न्याय समजणे मला अवघड जाते.

प्रश्नकर्तीचे उत्तर

सर्वांचे आभार. फुल्यांच्या निवेदनाचा मी अर्धाच दाखला दिला होता, ही चूक मान्य करते. करातून शुल्क भरावे की नाही, असा प्रश्न मी विचारला. आता मला वाटते की तो ‘पहिलीपासून कोणत्या इयत्तेवर किती’ असा विचारायला हवा होता. उत्पन्नाच्या रेषेबद्दलचा आक्षेप मात्र माझ्या मनात तसाच आहे.

काल मी मावशींशी बोलले. मुलगी १६ वर्षांची आहे, सकाळी दोन घरी काम करते आणि तिची शिकायची इच्छा आहे. शाळेत पुन्हा बसायला ती तयार नाही, म्हणून १७ नंबरचा अर्ज भरून तिला खासगीरीत्या दहावीला बसवावे, असे ठरते आहे. गणित आणि इंग्रजी मी शिकवीन. पंचवटी किंवा म्हसरूळ परिसरात संध्याकाळी विज्ञान शिकवू शकेल असे कोणी असल्यास कृपया येथे कळवावे. तिला सात वाजल्यानंतरच वेळ मिळतो.