‘मॅच’, ‘क्लिअर्ड’, ‘रिकन्साइल’: तिन्हींना ‘जुळवणी’ चालेल का?

घोडबंदर_खजिनदार: सोसायटीच्या कमिटीसाठी ग्नूकॅश या हिशेबाच्या प्रोग्रॅमवर दोन पानी मराठी टिपण करतोय. बँक स्टेटमेंट इम्पोर्ट करताना वरचे तीन शब्द येतात. सगळीकडे ‘जुळवणी’ लिहू का? आणि ‘प्रोटोकॉल’ला काय म्हणायचं?

नेरूळ_जमाखर्च: नको, कामं वेगळी आहेत. खात्याच्या पानावर ‘आर’ नावाचा अरुंद रकाना असतो. ‘एन’ म्हणजे नोंद फक्त आपल्या वहीत. ‘सी’ म्हणजे बँकेतही दिसली. ‘वाय’ म्हणजे स्टेटमेंटच्या अखेरच्या शिलकेशी ताडून पक्की.

‘सी’साठी आपल्याकडे तयार शब्द आहे: वटली. लिफ्टवाल्याला ३१ मार्चला दिलेला १८,००० चा चेक वहीत त्याच दिवशी लागतो, बँकेत ४ एप्रिलला वटतो. मार्चअखेरचा मेळ घालताना तो ‘एन’च राहिला पाहिजे. सगळ्यालाच ‘जुळवणी’ म्हटलंत तर नवा खजिनदार १८,००० चा फरक बघून चेकची तारीखच बदलून मोकळा होईल.

‘रिकन्साइल’ला मेळ घालणे. ‘ताळेबंद’ अजिबात नको, ते बॅलन्स शीट.

कोपरी_पूर्व: चेक वटतो. यूपीआय कसं वटेल?

नेरूळ_जमाखर्च: हुंडीही वटायचीच की, शब्द चेकच्या मालकीचा नाही. पण खटकत असेल तर ‘बँकेत दिसली’ लिहा, अर्थ तोच राहतो.

खारघर_सीएसव्ही: ‘मॅच’ला जुळणी ठीक आहे, फक्त ती कोण करतं ते टिपणात येऊ द्या. ओएफएक्स हे बँक व्यवहारांच्या फाइलचं १९९७ पासूनचं प्रमाण. त्यात प्रत्येक व्यवहाराला बँकेने दिलेला ‘एफआयटीआयडी’ असतो, म्हणून तीच फाइल दोनदा चढवली तरी प्रोग्रॅमला दुबार नोंद ओळखता येते. सीएसव्ही म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने तोडलेली साधी फाइल, तीत असा क्रमांक नसतो. मग रक्कम, तारखेतलं अंतर आणि तपशील यांवरून अंदाज बांधला जातो.

सोसायटीत नेमकं इथेच फसतं. दोन फ्लॅटचे ३,५०० एकाच दिवशी आले आणि एकाची नोंद हाताने केलेली असली, तर दुसऱ्याचे पैसे त्याच नोंदीला चिकटू शकतात. इम्पोर्टच्या यादीत त्या ओळीवर ‘सी’ऐवजी (इथे ‘सी’ म्हणजे आधीच्या नोंदीशी जुळव) ‘ए’ची खूण करा, म्हणजे नवी नोंद होते. तपशिलातला यूटीआर, म्हणजे बँकेचा व्यवहार क्रमांक, बघूनच ठरवा.

सीएसव्हीचे बाकीचे त्रास ठरलेले: वरच्या पत्ता-शाखेच्या ओळी वगळायला सांगाव्या लागतात, आणि तारखेचा क्रम दिवस-महिना-वर्ष निवडला नाही तर ०५/०४ चा ४ मे होतो. १३ तारखेपासून पुढे प्रोग्रॅम कुरकुरतो, पहिले बारा दिवस मात्र गुपचूप चुकतात.

वाशी_से१७: ‘क्रेडिट’वरही एक ओळ घाला. स्टेटमेंटवरचं ‘सीआर’ बँकेच्या वहीतलं आहे, तुमचे पैसे हे तिचं देणं. तुमच्या वहीत तीच रक्कम बँक खात्याच्या नावे, म्हणजे डेबिटला, पडते. ग्नूकॅशमध्ये रकान्यांना ‘डेबिट’, ‘क्रेडिट’ असे औपचारिक मथळे चालू असतील तर लोक ‘सीआर’चा आकडा क्रेडिटच्या रकान्यात भरतात आणि शिल्लक उणे दिसते. टिपणात ‘खात्यात आले / खात्यातून गेले’ एवढंच लिहा.

घोडबंदर_खजिनदार: पटलं. फाइल उतरवण्याची कटकट टाळून थेट बँकेशी जोडता येत नाही का?

खारघर_सीएसव्ही: जर्मनीत बँकेशी थेट जोडणीसाठी फिनटीएस हे प्रमाण आहे. अ‍ॅक्यूबँकिंग नावाच्या लायब्ररीमार्फत ग्नूकॅश आणि केमायमनी हा तसाच दुसरा प्रोग्रॅम तिथल्या बँकांशी बोलतात. आपल्याकडे अकाउंट अ‍ॅग्रिगेटर आहेत, म्हणजे तुमच्या संमतीने खात्याची माहिती दुसऱ्या संस्थेला पोचवणाऱ्या कंपन्या. त्यांचे नियम रिझर्व्ह बँकेने पहिल्यांदा २०१६ मध्ये आणले. पण माहिती घेणारी संस्था रिझर्व्ह बँक, सेबी, इर्डा किंवा पीएफआरडीए यांपैकी कुणाच्या तरी देखरेखीखालची लागते. तुमच्या लॅपटॉपवरचा ग्नूकॅश त्यात बसत नाही. तेव्हा महिन्याला फाइल उतरवा.

आणि ‘प्रोटोकॉल’ तसाच ठेवा. ‘राजशिष्टाचार’ लिहिलंत तर कमिटी पालकमंत्र्यांच्या स्वागताची तयारी करेल.