प्रतिसाद: स्लोबाल म्हणजे क्रिकेट नव्हे

स्लोबाल या नॉर्वेतल्या बॅट-चेंडूच्या खेळाला कुणी 'नॉर्वेचं क्रिकेट' म्हटलं, तर ते मला पटत नाही. यात ना यष्ट्या, ना गोलंदाज दांडी उडवायला टपलेला.

दोन संघ, एक आत, एक बाहेर. मैदानाच्या दोन टोकांना दोन रेषा. आतल्या संघातला एकेक जण बॅटने चेंडू टोलवतो (बहुतेकदा साधा टेनिसचा), मग पलीकडच्या रेषेपर्यंत पळून परत यायचं. लगेच परतायची सक्ती नाही, आणि खरी मजा इथेच आहे. टोला फुसका गेला तर पलीकडेच थांबायचं आणि पुढच्याच्या दणदणीत टोल्याची वाट बघायची. रेषेवर एक पाय टेकवून, अंग पुढे झुकवून तीन-चार जण ताटकळत उभे असतात! पण सगळेच तिकडे अडकले आणि इकडे टोलवायला कुणी उरलं नाही, तर डाव गेला.

बाहेरच्यांनी चेंडू वरच्यावर झेलला की त्याला 'ल्यूरे' म्हणतात. दोन रेषांच्या मधे पळणाऱ्याला चेंडू फेकून मारायचा, अगदी आपल्या आबाधुबीसारखा. गुणांचे नियम मात्र गावागणिक बदलतात, तेव्हा खेळण्याआधी ठरवून घ्या.