लॅबमधून रिपोर्ट फुटले, भरपाई कुठं मागायची? (कोल्हापूर)

उजळाईवाडीकर
मदत पाहिजे, जरा लवकर. आमची माहिती फुटलीय. लॅबवाले म्हणतात आमच्याकडनं काही गेलं नाही. पोलिसांनी विचारलं पैसे गेलेत का, नाही म्हटल्यावर नुसता अर्ज घेतला. नव्या डेटा संरक्षण कायद्यात २५० कोटी दंड आहे ना? त्यातलं आम्हाला काय मिळतं?

शाहूपुरी_७
कसली माहिती? नुसता नंबर का रिपोर्ट? आणि लॅबमधनंच फुटली कशावरनं?

मिसळप्रेमी
आधी १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन लाव भावा. तुझी चूक नसली आणि बँकेला तीन कामाच्या दिवसांत कळवलंस तर भुर्दंड बँकेवर. रिझर्व्ह बँकेनं २०१७ मध्ये तसं परिपत्रक काढलंय.

उजळाईवाडीकर
पैसे गेलेले नाहीत, वर लिहिलंय. आईचा शुगरचा रिपोर्ट आहे. आता औषधं विकणारे फोन करतात आणि तिचा एचबीएवनसी किती ते आकड्यासकट सांगतात. घाबरून ती फोनच उचलत नाही.

काळा_कोट
२५० कोटी ही कमाल मर्यादा, आणि दंड जातो सरकारच्या तिजोरीत. २०२३ च्या त्या कायद्यात पीडिताला भरपाईच नाही. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, पण कंपन्यांवरची मुख्य बंधनं त्यानंतर १८ महिन्यांनी लागू. तोवर भरपाईसाठी आयटी कायद्याचं कलम ४३अ आहे. वैद्यकीय नोंदी त्यात संवेदनशील धरल्यात. ५ कोटींपर्यंतचा दावा राज्याच्या आयटी सचिवांपुढं चालतो.

रंकाळा_चौपाटी
म्हणजे मुंबईच्या खेपा. त्यापेक्षा जिल्हा ग्राहक आयोगात जा. ग्राहकानं विश्वासानं दिलेली माहिती दुसऱ्याला देणं ही २०१९ च्या कायद्यानं अनुचित व्यापारी प्रथा आहे. लॅबला दिलेले पैसे ५ लाखांपर्यंत असतील तर फी नाही, वकीलही सक्तीचा नाही.

काळा_कोट
पण लॅबनं 'दिली' हे सिद्ध करावं लागेल. ४३अ मध्ये हलगर्जी पुरे.

रंकाळा_चौपाटी
आणि तिथं नुकसान दाखवायला लागतं, ते विसरलात. हलगर्जी असेल तर सेवेतली त्रुटी म्हणून आयोगातही मांडता येतं.

पेठेतला
हायकोर्टाचं सर्किट बेंच आता इथंच आहे, रिट (मूलभूत हक्कासाठीची याचिका) टाका. खासगीपणा मूलभूत हक्क आहे, सुप्रीम कोर्टाचा पुट्टस्वामी निकाल, २०१७.

काळा_कोट
खासगी लॅबवर सरळ रिट चालत नाही.

पेठेतला
बरं. पण बेंच आल्यापासनं सीपीआर दवाखान्याच्या बाजूला गाडी लावायला जागा नाही, त्याचं कुणीतरी बघा.

सुगरण_कळंबा
एचबीएवनसी म्हणजे रक्तातल्या साखरेची तीन महिन्यांची सरासरी. आईंना जेवणानंतर चालायला लावा.

शाहूपुरी_७
माझ्या प्रश्नाचं उत्तर अजून आलं नाही. पुरावा काय?

उजळाईवाडीकर
रिपोर्टची लिंक एसएमएसनं येते. शेवटचा आकडा बदलला की दुसऱ्याच पेशंटचा रिपोर्ट उघडतो. पासवर्ड नाही, काही नाही.

काळा_कोट
अहो, हे पहिल्यांदा सांगायचं! हाच तुमचा मुद्दा, लॅबची हलगर्जी. आता आणखी रिपोर्ट उघडू नका, विनापरवानगी शिरल्याचं तुमच्यावरच उलटवतील. एसएमएस, स्क्रीनशॉट, आलेल्या फोनचे नंबर जपा. सर्ट-इनला (केंद्राची सायबर सुरक्षा संस्था) ईमेल टाका आणि लॅबला रजिस्टर पोस्टानं नोटीस द्या.

उजळाईवाडीकर
नोटिशीत आईचं नाव घालायचं का माझं?

रंकाळा_चौपाटी
आईंचं. तक्रारदार त्याच. तुम्हाला त्यांचं अधिकारपत्र लागेल.