सदनिकेतील तबल्याचा रियाज

प्रश्न: मुलगा पहाटे साडेपाचला रियाज करतो. खिडक्या लावूनही खालच्या काकूंना डग्ग्याचे (तबल्याच्या जोडीतील खर्जाच्या वाद्याचे) घुमणे ऐकू जाते. काय करावे?

उत्तर १: डग्ग्याचा खर्ज हवेपेक्षा फरशीतून अधिक उतरतो, त्यामुळे खिडक्या लावून फारसे साधत नाही, जाड रबरी चटईवर घडी घातलेली सतरंजी अंथरावी आणि चुंबळी (तबला-डग्ग्याखालची गोल बैठक) त्यावर ठेवाव्यात. डग्ग्यावर पंचा टाकल्यास आवाज दबतो, मात्र मींडही (तळव्याच्या दाबाने सरकणारा सूर) मरते, म्हणून तो उपाय केवळ बोल घोटण्यापुरता ठेवावा.

उत्तर २: २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत रात्री १० ते सकाळी ६ ही रात्रच धरली जाते आणि निवासी भागासाठी तेव्हाची मर्यादा ४५ डेसिबल, दिवसाची ५५ आहे. वेळ सातवर न्यावी.

प्रश्नकर्ता: सात वाजता शाळेची बस येते, संध्याकाळची वेळ काकूंनाच विचारून ठरवतो.